सायबर सुरक्षेचे किमान नियम सगळ्यांना सारखे आणि सक्तीचे हवेत का?

मुलुंडकर

सोसायटीचा सचिव असल्यामुळे आमच्या जुन्या सीसीटीव्हीचं सगळं माझ्याकडेच येतं. बसवून झाल्यावर पासवर्ड विचारला, तर बसवणाऱ्या पोराने डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) उलटा करून स्टिकर दाखवलं. युजर अ‍ॅडमिन, पासवर्ड १२३४५६. वर म्हणाला, "काका, बदलू नका हं, सर्व्हिसला येणाऱ्याची पंचाईत होते." कुणाची मुलं शाळेतून किती वाजता येतात, कोण एकटं राहतं, सगळं त्या डब्यात.

२०१६ साली मिराई या मालवेअरने, म्हणजे घुसखोर सॉफ्टवेअरने, असलेच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याला कंपनीतूनच येणाऱ्या युजर-पासवर्डच्या साठेक जोड्या पुरल्या. ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडून वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या अमेरिकन कंपनीवर मारा झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येक तास धड उघडेनात.

गीझर घेताना आपण तो खोलून बघत नाही, आयएसआय मार्क बघतो. इथेही तेच हवं. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच आहे: सगळ्या डब्यांना एकच पासवर्ड चालणार नाही, दोष कुठे कळवायचा ते सांगा, अपडेट किती काळ देणार ते आधीच जाहीर करा. आपल्याकडे २०२५ पासून सीसीटीव्हीला सुरक्षा चाचणी सक्तीची झाली, उत्तम झालं. पण गेटवरचं व्हिजिटर अ‍ॅप आणि दाराचं स्मार्ट कुलूप यांचं काय?

अंधेरी_एमआयडीसी

मुलुंडकर, कळकळ पोचली, पण सक्तीला माझा विरोध आहे. मी छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवते. आमच्या दृष्टीने मानक म्हणजे ऑडिटरचं बिल.

आणि कागदाने चोरी थांबते का? अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीकडे २०१३च्या सप्टेंबरात कार्ड-सुरक्षेचं पीसीआय प्रमाणपत्र होतं. वर्ष संपायच्या आत ४ कोटी कार्डांचा तपशील चोरीला गेला.

शिवाय नियम शिळे होतात. दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका, लोक नुसता शेवटचा आकडा वाढवतात, हे मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच मान्य केलं. आमच्या क्लायंटच्या सुरक्षा-प्रश्नांच्या शीटमध्ये ९० दिवसांची ती अट आजही आहे, आणि नाही पाळली तर काम हातचं जातं.

ऐरोलीचा_टेस्टर

ताई, हा त्रास समान मानक नसल्याचा आहे. मी रोज हेच बघतो. एका क्लायंटला पासवर्ड ८ अक्षरांचा चालतो, दुसऱ्याला १२ लागतात, तिसरा लॉग (वापराच्या नोंदी) किती दिवस ठेवता ते तीन वेगवेगळ्या रकान्यांत विचारतो. छोट्या कंपनीतला जो एकुलता माणूस सर्व्हरमधले दोष दुरुस्त (पॅच) करणार, तो आठवडाभर एक्सेल भरत बसतो. एकदाच तपासा, सगळ्यांनी ते मान्य करा, यात तुमचाच खर्च वाचतो.

टार्गेटमध्ये चोर शिरले ते एसीचं काम करणाऱ्या कंत्राटदाराचं लॉगिन वापरून. म्हणजे फक्त मोठ्यांना नियम लावून भागत नाही. २०१७च्या जूनमध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा मालवेअर पसरला, मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा बसल्या, आणि इथे न्हावाशेव्याला जेएनपीटीतलं एक टर्मिनल ठप्प झालं. तिथे माल अडकलेल्या क्लिअरिंग एजंटने कुठला पासवर्ड चुकवला होता? त्याच्या हातात काहीच नव्हतं. म्हणून हे ज्याच्या त्याच्या शहाणपणावर सोडता येत नाही.

बीकेसी_लोकल

मला भीती वेगळीच आहे. सगळे एकाच गोष्टीवर टेकले की ती पडल्यावर सगळे पडतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले.

मानक बनवणाऱ्यावर तरी विश्वास का ठेवायचा? एनआयएसटीने २००६ मध्ये ड्युअल ईसी ही, माहिती कुलूपबंद करताना लागणारे यादृच्छिक आकडे काढायची पद्धत मानक केली. तीत चोरवाट असू शकते, हे तज्ज्ञांनी पुढच्याच वर्षी दाखवलं. पण ती मागे घेतली २०१४ मध्ये, स्नोडेनने अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची कागदपत्रं बाहेर काढल्यानंतर.

ऐरोलीचा_टेस्टर

ड्युअल ईसीचा मुद्दा पूर्ण मान्य. म्हणूनच मानक उघड्यावर घडलं पाहिजे. त्याच एनआयएसटीने एईएस हे माहिती कुलूपबंद करायचं मानक निवडताना जगभरातून प्रस्ताव मागवले, पंधरा आले, ते फोडायला सगळ्यांना मोकळे ठेवले आणि शेवटी बेल्जियमच्या दोघांचा निवडला. २००१चं ते मानक आजही टिकून आहे.

क्राउडस्ट्राइक मात्र एका कंपनीचं उत्पादन आहे. समान नियम म्हणजे एकच उत्पादन नव्हे. यूपीआय घ्या: अ‍ॅप कुठलंही असो, पिन टाकायचा पडदा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचा असतो, अ‍ॅपला पिन दिसत नाही. हे प्रत्येक अ‍ॅपवाल्यावर सोडलं असतं तर?

बीकेसी_लोकल

आणि १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय अडकलं तेव्हा अ‍ॅप बदलून उपयोग नव्हता. दुकानात रोख नसलेले लोक ताटकळले. हाही त्याच रचनेचा भाग आहे, तो वगळून बोलू नका.

मुलुंडकर

रास्त आहे. मग सेवा पडली तर पर्याय काय, हेही किमान नियमांत घाला. अंधेरीताई, खर्चाचं म्हणाल तर सेबीने २०२४च्या सायबर चौकटीत संस्थांच्या आकारानुसार श्रेणी केल्या आहेत, छोट्यांना अटी हलक्या. तसं सगळीकडे केलं तर?

अंधेरी_एमआयडीसी

श्रेणी असतील, नियम दर दोन-तीन वर्षांनी तपासले जातील, तर माझा विरोध मागे. पण एक अट: एकदा प्रमाणपत्र दाखवल्यावर मोठ्या क्लायंटने स्वतःची वेगळी शीट पाठवायची नाही. नाहीतर आम्हाला दोन्ही भरावं लागेल. ही अट बँकांसारख्या मोठ्या क्लायंटच्या गळी कोण उतरवणार, ते सांगा.