गिटार हातात असताना माइकला ओठ लागला की शॉक बसतो

तारवाला_लालबाग:
काल गिरगावात मंडळाच्या कार्यक्रमात गात होतो, पावसाने स्टेज ओलं, ओठ माइकच्या जाळीला लागला आणि असा झटका बसला की अजून जीभ बधिर वाटतेय. गिटार खाली ठेवून तोच माइक धरला तर काहीच नाही. साउंडवाला म्हणतो फँटमचा (मिक्सर केबलमधून माइकला पॉवर देतो त्याचा) करंट आहे, फोम लाव. रविवारी परत तिथेच शो आहे, फोमने भागेल का?

मिक्सरमागे_दादर:
नाही रे बाबा, फोम घामाने थुंकीने ओला झाला की संपलं. आणि फँटम 48 व्होल्ट डीसी, त्यात मध्ये 6.8 किलोओहमचे रेझिस्टर असतात, त्याने असा झटका बसत नाही. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या, माइकची जाळी मिक्सरच्या बॉडीला, यातल्या एकाचं अर्थिंग गेलं आणि बॉडीला करंट उतरला की मध्ये तू. हात तारांवर, ओठ माइकवर, म्हणजे रस्ता छातीतून. 1972 साली वेल्समधल्या स्वान्सीला स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी असाच स्टेजवर शॉक बसून वारला, माइकला अर्थिंग नव्हतं. रविवारी चेक केल्याशिवाय गिटार गळ्यात घालू नकोस प्लीज.

वायरमन_परळ:
मल्टीमीटर एसीवर ठेवायचा, एक टोक तारांना एक जाळीला, हाताने कुठे शिवायचं नाही. एकदोन व्होल्ट ठीक. शंभरच्या आसपास दाखवलं तर बहुतेक एसएमपीएसची (मशीनच्या आतल्या पॉवर सप्लायची) गळती, म्हणजे अर्थिंग तुटलंय. 230 च्या जवळ गेलं तर फेजच बॉडीवर आहे, मेन बंद कर आणि मग बोल. मांडवात एक्स्टेंशन बोर्ड आधी बघ, वायरी सोलून आगकाडीने खोचलेल्या असतात, त्यात अर्थ कुठून येणार. हमिंग जावं म्हणून तिसरी पिन मोडणारे पण खूप आहेत, ते कधीच करू नका, त्यासाठी डीआय बॉक्सला (गिटारचा सिग्नल मिक्सरला देणारा डबा) ग्राउंड लिफ्ट असतं, ते फक्त सिग्नलचं ग्राउंड सोडवतं. आणि स्टेजच्या लाइनला 30 मिलिअ‍ॅम्पचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावायला सांग, एमसीबी (ओव्हरलोडला पडणारा नेहमीचा स्विच) असल्या करंटने पडत नाही.

तारवाला_लालबाग:
आत्ता मंडळात जाऊन आलो. मेन बंद करून अ‍ॅम्पचा बोर्ड उघडला, हिरवी वायर कापून टेप मारून आत कोंबलेली. कार्यकर्त्यांना दाखवली, तेपण घाबरले. बोर्ड बदलतायत, आरसीसीबीचं कबूल केलंय, रविवारी मीटर घेऊन दोन तास आधी पोचतो.