पाळी ११ दिवस पुढे गेलीये पण टेस्ट निगेटिव्ह, मदत हवी आहे

मैत्रिणींनो प्लीज सांगा, माझं वय २९, लग्नाला अडीच वर्षं झाली, पाळी एरवी २९-३० दिवसांनी येतेच पण यावेळी आज ४१ वा दिवस आहे आणि अजून काहीच नाही. ३४ व्या दिवशी घरी किट आणून टेस्ट केली, एकच रेघ आली, पण ती संध्याकाळी केलेली आणि त्याआधी भरपूर पाणी प्यायले होते, नंतर वाचलं की सकाळची पहिली लघवी घ्यायची असते कारण त्यात एचसीजी (दिवस गेल्यावर शरीरात तयार होणारं हार्मोन, टेस्ट तेच बघते) जास्त असतं. मग ती टेस्ट धरायची की नाही?

गेल्या महिन्यात मला ५ दिवस ताप होता, वर नाइट ड्युटी. अशाने बीज उशिरा सुटतं आणि ते उशिरा सुटलं की पाळीही तेवढीच पुढे जाते ना, कारण त्यानंतर साधारण १४ दिवसांनी पाळी येते? म्हणजे दिवस गेले असले तरी टेस्ट लवकर केल्यामुळे निगेटिव्ह आली असेल का? छाती जड वाटते, ओटीपोटात दुखतं, पण हे तर मला पाळीआधीही होतं, त्यामुळे काहीच कळेना.

जाऊबाई म्हणतात पपई खा, पाळी येईल. मला नाही खायची, आम्हाला बाळ हवंय हो.

उद्या सकाळी परत टेस्ट करू का सरळ रक्ताची बीटा एचसीजी करून घेऊ? थायरॉईड पण तपासावं का? कोणाला असं झालंय का, नक्की सांगा.