अनुभव धागा: जिरू आर्सेनल सोडून गेला तेव्हा

विदर्भातला फुटबॉल म्हटलं की लोकांना नागपूर आठवतं, फार तर कामठी. ते खरंच आहे, पण वणी-माजरीच्या कोळसा पट्ट्यात, मेळघाटातल्या आश्रमशाळांच्या मैदानांवर, वडसा-गोंदियाकडच्या धानाच्या गावांत रात्री जागून प्रीमियर लीग (इंग्लंडची मुख्य फुटबॉल लीग) पाहणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं बोलणं लिहून ठेवलेलं कुठे दिसत नाही. म्हणून हा धागा.

विषय फ्रान्सचा स्ट्रायकर ऑलिव्हिए जिरू. 2012 मध्ये मॉंपेलिए क्लबला फ्रान्सची लीग जिंकून देऊन तो लंडनच्या आर्सेनलमध्ये आला आणि 31 जानेवारी 2018 ला लंडनच्याच चेल्सीत गेला. मधल्या साडेपाच वर्षांत 253 सामने, 105 गोल, तीन एफए कप (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा). पळायला मंद होता. बॅकच्या (समोरच्या बचावपटूच्या) मागे मोकळ्या जागेत धाव घेणं त्याला जमत नसे. सोपे चान्स घालवायचा. हे सगळं धरून चालू. तो गेला तेव्हा तुम्हाला काय वाटलं आणि टीममधलं नेमकं काय गेलं, ते लिहा. काहीच गेलं नाही असं वाटत असेल तर तेही लिहा.

आधी माझं लिहितो.

वणी तालुका, खाणीच्या कॉलनीत वाढलेला

19 ऑक्टोबर 2013, नॉर्विचविरुद्धचा सामना. आर्सेनलच्या जॅक विल्शेअरचा तो गोल बीबीसीने मोसमातला सर्वोत्तम म्हणून निवडला होता, तुम्हीही पाहिला असेल. तोच परत लावा, पण विल्शेअरला सोडून फक्त जिरूकडे पाहा. काझोर्ला आणि विल्शेअर एकमेकांना छोटे पास देत बॉक्सकडे येतायत. जिरू तिथे गोलकडे पाठ करून उभा आहे, अंगाला डिफेंडर चिकटलेला. बॉल आला तर तो अडवत नाही, वळत नाही. डाव्या पायाने हलकेच उचलून डिफेंडरांच्या मधल्या फटीत ठेवतो. विल्शेअर पळता पळता तो हवेतच मारतो. नॉर्विचचे बॅक जागेवरच राहिले.

माझं म्हणणं एवढंच आहे की या माणसाची किंमत दुसऱ्यांच्या गोलांत लपलेली होती. 2014 च्या एफए कप फायनलमध्ये हल सिटीविरुद्ध आर्सेनल सुरुवातीलाच 0-2 ने मागे पडलं होतं. क्लबने 2005 नंतर एकही कप पाहिला नव्हता. जादा वेळेत 109 व्या मिनिटाला जिरूच्या बॅकहिलवर (टाचेने मागे दिलेल्या पासवर) रॅम्सीने गोल केला आणि नऊ वर्षांचा दुष्काळ संपला. गोलच्या रकान्यात नाव रॅम्सीचं. तो गेल्यावर आर्सेनलकडे वेगवान माणसं आली, पण पाठीवर बॅक झेलून बॉल धरणारा आणि बाकीच्यांना वर यायला वेळ देणारा नंबर नऊ (मधला स्ट्रायकर) मला त्या टीममध्ये बरीच वर्षं दिसला नाही.

अकोला जिल्हा, कापूसवाला

भाऊ, मले तं तो 2016 चा मोसम आठोते. लेस्टर लीग जिंकून गेली तो. जानेवारीत लिव्हरपूलवर दोन गोल मारले यानं, अन् मंग लीगमंदी मे महिन्यापावतर एकबी नाही. गावातले पोट्टे रोज इचारत, तुह्या जिरूनं मारला का गोल? शेवटच्या दिवशी अ‍ॅस्टन व्हिलावर तीन ठोकले, अन् आर्सेनल टॉटनहॅमच्या वर जाऊन दुसऱ्या नंबरले बसली. चार महिने गोल नाही तरी या मान्सानं हेडरले उडी मारनं सोडलं नाही. मले तो याच्यासाठी आवडे. गेला तं लय वाईट वाटलं.

परतवाडा

त्या रात्रीचं सांगतो. जानेवारी अखेर, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि थ्री-फेजची पाळी रात्रीची. बांधावर बसून मोबाईलवर बातम्या बघत होतो. तीन सौदे एकमेकांत अडकलेले. जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबला बदली माणूस मिळाल्याशिवाय ते आपला स्ट्रायकर ऑबामेयांग आर्सेनलला सोडणार नाहीत. बदली म्हणून चेल्सीचा बात्शुआयी. चेल्सी त्याला सोडणार ते जिरू मिळाला तरच. म्हणजे आर्सेनलला ऑबामेयांग हवा तर जिरू द्यावाच लागणार होता, तोही लंडनमधल्याच टीमला. बातम्यांत जिरूची किंमत 1 कोटी 80 लाख पौंड येत होती, ऑबामेयांगची त्याच्या तिप्पट.

मला त्या सौद्यात चूक दिसली नाही आणि आजही दिसत नाही. 2017 च्या उन्हाळ्यात लाकाझेत या नव्या स्ट्रायकरवर विक्रमी पैसे ओतल्यावर जिरू बाकावरच होता, आणि पुढे विश्वचषक. वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्याने दुसरं काय करायचं? पण सौदा बरोबर असला तरी दुःख व्हायचं ते झालंच. मोटर बंद करून घरी आलो तेव्हा सगळं पक्कं झालेलं होतं.

भंडारा जिल्हा

वरच्या पहिल्या मताशी मी सहमत नाही. त्याच दिवशी आलेल्या ऑबामेयांगने 2018-19 मध्ये लीगमध्ये 22 गोल केले, सालाह आणि मानेबरोबर गोल्डन बूट (सर्वाधिक गोलांचं बक्षीस) घेतला. 2020 च्या एफए कपमध्ये सेमीफायनलला दोन आणि फायनलला चेल्सीवर दोन. कप त्याने एकट्याने आणून दिला म्हटलं तरी चालेल. स्ट्रायकरचं काम गोल करणं आहे. जिरू चांगला माणूस, मेहनती खेळाडू, पण त्याला मुख्य स्ट्रायकर ठेवून आर्सेनल कधी लीग जिंकणार नव्हतं. 2015 च्या फेब्रुवारीत मोनॅकोविरुद्ध घरच्या मैदानावर त्याने घालवलेले चान्स मी विसरू शकत नाही. 1-3 हरलो आणि चॅम्पियन्स लीगची (युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेची) वाट तिथेच बंद झाली. तो गेला तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे मनापासून लिहितोय.

मेळघाट, आश्रमशाळेत शिक्षक

माझी पोरं मुरमाच्या मैदानावर खेळतात. पायात चपळाई उपजत आहे, कोरकू पोरांना पळायला शिकवावं लागत नाही. अडचण वेगळी. सगळ्यांना बॉल घेऊन चारपाच जणांतून निघून जायचं असतं. पुढे उभं राहून बॉल धरणं कुणालाच नको. म्हणून मी जिरूचे तुकडे मोबाईलवर दाखवतो, पण गोलांचे दाखवत नाही.

बघण्यासारखं हे आहे. लांब बॉल यायच्या आधीच तो बॅकच्या अंगात शिरलेला असतो. गुडघे वाकलेले, बूड खाली, बॅकच्या बाजूचा हात आडवा. बॅकला पुढे येताच येत नाही. मग तो बॅकपासून लांबच्या पायाने बॉल घेतो आणि दुसऱ्या स्पर्शात जवळच्या माणसाला देऊन मोकळा होतो. यात वेग लागत नाही. आपल्या पाठीमागे कोण आहे आणि समोरून कोण येतोय हे बॉल यायच्या आत माहीत असावं लागतं.

आठवीतला एक उंच मुलगा आहे, शर्यतीत कायम मागे. त्याला मी पुढे उभा केला आणि हेच रोज करायला लावलं. आता लहान चपळ पोरं त्याच्याकडे बॉल टाकतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी सुटतात. तालुक्याच्या सामन्यांत समोरच्या शाळांना हे आवरत नाही. भंडाऱ्याच्या भाऊंनी हिशेब मांडला तो बरोबरच असेल, पण या मुलाला शिकवायला ऑबामेयांगचा मला काही उपयोग नाही.

पुलगाव

मी विद्यापीठाकडून हाफ (मधल्या फळीत) खेळायचे, बहुतेक वेळा दुसऱ्या सत्रात. म्हणून मला 2017 ची एफए कप फायनल फार जवळची. 27 मे, आपल्याकडे रात्रीचे दहा, नवतपा लागलेला. कूलरच्या हवेलाही झळ असायची, म्हणून भाऊ आणि मी गच्चीवर फोन घेऊन बसलो होतो. 76 व्या मिनिटाला चेल्सीच्या कोस्ताने बरोबरी केली. 78 व्या मिनिटाला जिरू वेलबेकच्या जागी उतरला. डावीकडे बॉल मिळाला, क्रॉस टाकला, रॅम्सीचं हेडर, 2-1. जेमतेम एक मिनिट झालं होतं त्याला येऊन!

बाकावरून येणाऱ्याला अंग गरम नसतं, सामन्याची लय सापडलेली नसते, आणि लोकांना लगेच काहीतरी हवं असतं. जिरूने ते कितीदा करून दाखवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लेस्टरविरुद्ध मोसमाचा पहिलाच सामना, बदली म्हणून येऊन शेवटी कॉर्नरवर हेडर, 4-3. तो गेल्यावर शेवटच्या वीस मिनिटांत आर्सेनल मागे असलं की माझी नजर सवयीने बाकाकडे जायची.

भद्रावती, चेल्सीवाला

तुमचं गेलं ते आमच्याकडे आलं. 2019 च्या युरोपा लीगमध्ये (युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची क्लब स्पर्धा) सगळ्यांत जास्त 11 गोल त्याचे, आणि बाकूच्या फायनलमध्ये आर्सेनलविरुद्ध पहिला गोलही त्याचाच. 4-1 जिंकलो. डिसेंबर 2020 मध्ये सेव्हियाविरुद्ध एकट्याने चार: डावा पाय, उजवा पाय, डोकं आणि पेनल्टी. पुढे अ‍ॅटलेटिकोविरुद्ध उलटी किक. त्या मोसमातल्या चॅम्पियन्स लीगमध्ये आमच्यासाठी सर्वाधिक गोल त्याचे, सहा. आणि फायनलला बाकावर. नंतर तो इटलीतल्या मिलानला गेला तेव्हा आम्हीही तेच बोललो जे तुम्ही 2018 मध्ये बोलत होतात.

वडसा, गडचिरोली जिल्हा

2018 च्या विश्वचषकात जिरूचा एकही शॉट टारगेटवर नव्हता, यावर लोक अजून हसतात. मला त्या हसण्याचा राग येतो. पहिल्या सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध फ्रान्सचे प्रशिक्षक देशाँनी त्याला बाकावर ठेवलं, फ्रान्स अडखळत जिंकलं. दुसऱ्या सामन्यापासून तो सुरुवातीपासून खेळला. पेरूविरुद्ध त्याचा शॉट बॅकला लागून वळला आणि एम्बापेने आत ढकलला. अर्जेंटिनाविरुद्ध एम्बापेच्या दुसऱ्या गोलला पास त्याचा. दोन सेंटर बॅक त्याच्याशी झोंबत राहिले की ग्रीझमन आणि एम्बापेला रान मोकळं. फायनलच्या वेळी आमच्याकडे रोवणीचे दिवस, दिवसभर चिखलात उभं राहून रात्री साडेआठला सगळे टीव्हीसमोर. माझे काका फुटबॉल फारसे बघत नाहीत. ते म्हणाले, हा उंच माणूस सारखा धक्के खातोय, याला कोणी शाबासकी देतंय का?

घुग्घुस

जिरूबद्दल फार नाही लिहिणार, आमच्या टीमबद्दल लिहितो. विषय तोच आहे.

आमच्या कॉलनीच्या टीमला एक सेंटर फॉरवर्ड होता, खांद्याने रुंद, धावायला जड. दिवाळीनंतरच्या टूर्नामेंटमध्ये कोळशाच्या धुळीत चुन्याची रेघ दुपारपर्यंत काळी पडते, अशा मैदानावर तो सगळा सामना बॅकशी रेटारेटी करायचा. बाहेरून लोक ओरडायचे, याला काढा, पोट्टा पळत नाही. गोल मारायचा तो आमचा डावा विंगर. शिल्ड त्याच्या हातात, फोटो त्याचा.

मग सेंटर फॉरवर्डला चाकणला कंपनीत नोकरी लागली. घरची गरज होती, कुणी अडवायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या जागी आम्ही एक चांगला पळणारा मुलगा घेतला. पुढच्या मोसमात विंगरला बॉल मिळायचा तेव्हा समोर दोघं उभे असायचे, कारण आत कुणाला अडकवून ठेवणारा राहिलाच नव्हता. आमचा गोलकीपर बॉल लांब मारायचा आणि तो तसाच परत यायचा. टीम दमून जायची. दुसऱ्या फेरीत बाहेर पडलो. विंगर स्वतः मला म्हणाला, तो होता तेव्हा मला श्वास घ्यायला वेळ मिळायचा.

सेंटर फॉरवर्ड दिवाळीला येतो तेव्हा एक सामना तरी खेळतोच. आता कोणी त्याला बाहेरून ओरडत नाही.

गोंदिया

मिलानचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. फेब्रुवारी 2022, इंटरविरुद्ध 0-1 ने मागे असताना जिरूचे तीन मिनिटांत दोन गोल. मेमध्ये सासुओलोविरुद्ध आणखी दोन, आणि मिलानला 11 वर्षांनी लीग मिळाली. ऑक्टोबर 2023 मध्ये जेनोआविरुद्ध गोलकीपरला लाल कार्ड मिळालं तर हाच हातमोजे घालून गोलात उभा राहिला आणि बॉल अडवून सामना वाचवला! फ्रान्ससाठी 57 गोल, आधीचा विक्रमवीर ऑन्रीच्या पुढे. मर्यादित म्हणायचं तर म्हणा, पण इतक्या ठिकाणी इतक्या प्रकारे कामाला आलेला दुसरा कोण, सांगा.

वणी, धागा काढणारा

भंडाऱ्याच्या भाऊंना एक विनंती. 2020 ची ती फायनल पुन्हा बघा. पाचव्या मिनिटाला पुलिसिकने चेल्सीसाठी गोल केला, त्याच्या आधी बॉलला शेवटचा स्पर्श कुणाचा आहे?

भंडारा जिल्हा

बघितला. जिरूचाच आहे, आणि पास खरोखर सुंदर आहे. तरी सामना ऑबामेयांगने जिंकला, आणि माझ्या टीमसाठी मी त्यालाच घेईन. पुलगावच्या ताईंचा मुद्दा मात्र पटला. शेवटच्या वीस मिनिटांसाठी जिरूला ठेवून घेता आलं असतं तर मी आनंदाने ठेवला असता, पण डॉर्टमुंडने तो पर्याय ठेवलाच नव्हता.