एनसीएस नॉर्मल, तरी तळपायाची आग?

प्रश्न: आई ५२ची, सहा महिने तळपायाची आग होतेय, रात्री पाय पांघरुणाबाहेर काढून झोपते, शुगर, बी१२, एनसीएस (नसांतून सिग्नल कसा जातो ते बघणारी विजेची टेस्ट) सगळं नॉर्मल आणि डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. आता काय करू?

उत्तर: अगं एनसीएसमध्ये जाड नसाच कळतात, आग होते ती बारीक नसांमुळे, त्यासाठी घोट्याजवळची स्किन बायोप्सी असते, म्हणजे कातडीचा छोटा तुकडा काढून तपासतात. आईंचं तोंड, डोळे कोरडे पडतात का?

प्रश्नकर्ती: अय्या हो! भाकरी पाण्याशिवाय उतरतच नाही, आम्हाला वाटलं वयामुळे.

उत्तर: मग शोग्रेन असू शकतं, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती लाळ-अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते, त्यात बारीक नसांनाही त्रास होऊ शकतो; माझं तेच निघालं. एएनए, एसएसए या रक्ताच्या टेस्ट करा, डोळ्यांची शर्मर टेस्टपण, पापणीत कागदाची पट्टी अडकवतात आणि ५ मिनिटांत किती भिजते बघतात. एसएसए निगेटिव्ह आली म्हणून सुटलो समजू नका हं, माझं ओठाच्या बायोप्सीत कळलं. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (सांधे आणि अशा प्रतिकारशक्तीच्या आजारांचे डॉक्टर) गाठा.