५० एमबीपीएस, ७०० विद्यार्थी: कॉलेजात यूट्यूब बंद करावं का?

खाडीकाठ
रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण कॉलेजात मी शिकवतो. आमच्याकडे ५० एमबीपीएसची एकच फायबर लाइन आहे. परवा बैठकीत ठरलं की सकाळी ८ ते दुपारी ३ यूट्यूब आणि बाकी सगळे व्हिडिओ बंद. मला हे साफ चूक वाटतं.

नेट रडतं हे खरं आहे. पण कशामुळे? बुधवारी ११ वाजता मी राउटरचं पान उघडून बसलो, तर लॅबमधले ४० संगणक एकाच वेळी विंडोजचं अपडेट उतरवत होते. प्रत्येकी सुमारे दीड जीबी, म्हणजे ६० जीबी. आख्खी लाइन त्यांनाच दिली तरी २ तास ४० मिनिटं लागतात. आणि बोलणी कोणाला? रीलवाल्या पोरांना.

आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलची व्याख्यानं यूट्यूबवरच आहेत. तीही बंद करणार का? माझं म्हणणं, साइट बंद करू नका, माणशी वाटा ठरवा. लाइन मोकळी असेल तर एकाला भरपूर मिळेल, गर्दी झाली की सगळ्यांना सारखं. बऱ्याच राउटरमध्ये ही सोय असते, कोणी लावत नाही एवढंच.

लॅबवाला
सर, मी दुसऱ्या कॉलेजात हेच काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो. एचडी व्हिडिओला साधारण अडीच एमबीपीएस लागतात. २० मुलं बसली की तुमची लाइन संपली. माणशी वाटा करा म्हणता, पण ७०० जणांत ५० वाटले तर हातात काय येतं?

गेल्या वर्षी महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी एक मुलगी माझ्यासमोर रडत बसली होती. उत्पन्नाचा दाखला अपलोडच होईना. बाहेर कट्ट्यावर मॅच चालू होती. त्या दिवशी मी यूट्यूब बंद केलं आणि तिचा अर्ज गेला. मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही. राउटरची बारीक सेटिंग करायला आमच्याकडे माणूस नाही. बंदी एका क्लिकवर होते.

सड्यावरची
मी एफवायला आहे. आमच्या वाडीत रेंज नाही. लॉकडाउनमध्ये दादा आणि मी सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या कातळावर, जाऊन तास ऐकायचो, पाऊस आला की मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आमच्या दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस वीजही नव्हती आणि रेंजही.

ज्यांच्या घरी वायफाय आहे ते रात्री व्हिडिओ बघतील. मला कॉलेजचे तेवढेच तास मिळतात. ३ वाजता बंदी उठते आणि माझी एसटी ३.१० ची आहे. मग ही बंदी नक्की कोणावर आहे?

मालवणचो
सगळे वाटणीवरच भांडताय. आधी लाइन वाढवून घ्या ना! विद्यापीठं आणि संशोधन संस्था जोडणारं राष्ट्रीय ज्ञान जाळं सरकारने २०१० साली मंजूर केलं. गावातल्या कॉलेजांनी अजून ५० एमबीपीएसमध्येच का भागवायचं? आणि इथे एकच लाइन ठेवणं हाच मोठा धोका. रस्त्याच्या कामात जेसीबीन केबल तोडल्यान की चार दिवस सगळा ठप्प. दुसऱ्या कंपनीची दुसरी लाइन घ्या, पैसे तिथे घाला.

परतलेला
मालवणचो, दुसऱ्या लाइनचं पटलं. नुसतं वाढवून भागेल हे नाही पटलं. मी काही वर्षं पूर्व आफ्रिकेत होतो. २००९ मध्ये सीकॉमची समुद्री केबल येईपर्यंत तिथली विद्यापीठं उपग्रहावर होती. महाग आणि तुटपुंजं. अख्ख्या विद्यापीठाला जेवढं मिळायचं तेवढं आज आपल्याकडे एका घरात असतं. तेव्हा अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने ईग्रॅनरी काढलं होतं. परवानगी घेऊन साइटच्या साइट हार्ड डिस्कवर भरायच्या आणि कॉलेजच्या आतल्या जाळ्यावर ठेवायच्या. बाहेरची लाइन खर्चच होत नाही.

स्क्विडसारखा प्रॉक्सी, म्हणजे नेट आणि आपले संगणक यांच्या मधलं यंत्र, बसवून एकदा आलेलं पान साठवायचं, हा तेव्हाचा दुसरा उपाय. तो आता फारसा चालत नाही, कारण बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर, गेल्या आणि मधल्या यंत्राला आतलं दिसतच नाही. त्यामुळे साठवण आपण ठरवून करायची.

आगरातला
आमच्या आगरात पाटाचं पाणी पाळीने घेतात. ज्याची पाळी त्याचं शिपणं. नेटचंही तसंच करा, वर्गवार पाळी लावा.

परतलेला
पाळी चालणार नाही. पाणी रात्री टाकीत साठतं आणि सकाळी सोडता येतं. रात्री न वापरलेली लाइन सकाळी कोणाला मिळत नाही, ती गेली. म्हणून रात्री मजकूर उतरवून ग्रंथालयातल्या एका संगणकावर ठेवायचा. टाकी ती.

खाडीकाठ
एनपीटीईएलची व्याख्यानं अशी उतरवून ठेवता येतात. आमच्या अभ्यासक्रमाला लागणारी निवडून मी या शनिवारपासून सुरुवात करतो. सड्यावरची, पेनड्राइव्ह घेऊन ये, घरी बघता येतील.

लॅबवाले, तुमचा अर्जाचा मुद्दा मला मान्य आहे. अर्जांच्या आठवड्यात लॅबच्या संगणकांना पहिला मान द्यायचा, बाकीचे मागे. ७०० जणांचं म्हणाल तर एका वेळी सगळे जोडलेले नसतात, आमच्याकडे गर्दीला शंभर-सव्वाशे दिसतात. अपडेट रात्री लावू.

लॅबवाला
रात्री कोण थांबणार? मे-जूनमध्ये आणि दसऱ्याच्या सुमारास वीज कडाडू लागली की राउटरचा प्लग काढावा लागतो. मागे लॅबचे संगणक जोडणारा एक नेटवर्क स्विच जळला, नवीन यायला दोन महिने गेले.

परतलेला
रात्रीची गरजच नाही. विंडोज १० पासून आतच सोय आहे, एका संगणकाने उतरवलेलं अपडेट शेजारचे त्याच्याकडून घेतात. सेटिंगमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ शोधा आणि स्थानिक जाळ्यापुरतं चालू करा. ६० जीबीतलं बहुतेक लॅबच्या केबलमधूनच जाईल.

लॅबवाला
हे माहीत नव्हतं. सोमवारी पाच संगणकांवर करून बघतो आणि आकडे इथे टाकतो. पण अर्जांच्या आठवड्यात यूट्यूब मी बंदच ठेवणार, त्यावर माझं मत बदललेलं नाही.

सड्यावरची
मग त्या आठवड्यात ग्रंथालयातला तो संगणक ५ पर्यंत उघडा ठेवा. मी नंतरच्या गाडीने जाईन.