मदत हवी आहे: मिलवॉकीच्या बेसबॉल स्टेडियमचा खर्च समजून घ्यायचाय

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीत राहतो. लेकाला शाळेच्या वादविवादात विषय मिळालाय: ब्रुअर्स या इथल्या बेसबॉल टीमच्या स्टेडियमवर सरकारी पैसा खर्च करावा का? आणि त्याला विरोधी बाजू आलीय! बाप क्रिकेटवाला, त्यामुळे घरात आनंदीआनंद आहे.

जमवलेली माहिती अशी. स्टेडियम 2001 मध्ये सुरू झालं, तेव्हा नाव मिलर पार्क. त्यासाठी पाच काउंटींत (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांत) 0.1 टक्का विक्रीकर होता, तो 2020 पर्यंत लोकांनी भरला. तो संपतो न संपतो तोच 2023 च्या डिसेंबरात नवा कायदा: दुरुस्तीसाठी सुमारे 50 कोटी डॉलर सार्वजनिक पैसा, त्यात राज्याचे 36 कोटींच्या वर, उरलेले शहर आणि काउंटीचे. टीम साधारण 11 कोटी घालणार आणि 2050 पर्यंत इथेच राहणार.

मला खरा पांढरा हत्ती वाटतो ते छप्पर. पंख्यासारखं मिटतं. परवा पाऊस आला तर सावली हिरवळीवरून सरकत गेली, लेक हॉटडॉग खायचाच विसरला. पण ती यंत्रणा, ते पोलाद सांभाळणं काही स्वस्त नसणार.

इथे कोणी स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा महापालिकांच्या अर्थकारणातलं आहे का? अशा छपराच्या देखभालीचा अंदाज कसा काढतात? आणि ‘टीम गेली तर शहराचं उत्पन्न बुडेल’ या मुद्द्याला काय उत्तर द्यायचं? लोक तोच पैसा गावात दुसरीकडे खर्च करतीलच की, असं माझं मत, पण आकड्यांत मांडता येत नाहीये. वादविवाद शुक्रवारी आहे.