चित्राच्या भिंतीवर जाहिरातीचा फलक: चित्रकाराला विचारायचं की नाही?

भिंतरंग:
वस्तीत नवी दुकानं आली की रस्त्याच्या तोंडाच्या भिंतीला भाव येतो, आणि चित्र नेमकं त्याच भिंतीवर असतं. चित्रकाराला लेखी सूचना दिल्याशिवाय तिथे फ्लेक्स लावू नये, असं माझं ठाम मत आहे. 'नुसता टांगलाय' म्हणतात, पण लोखंडी चौकटीसाठी अँकर बोल्टची भोकं पाडावी लागतात. त्यांतून पावसाचं पाणी गिलाव्यात मुरतं. वर प्लास्टिक असल्याने ओल सुकत नाही, लोणा (भिंतीतला क्षार) फुटतो आणि अ‍ॅक्रिलिकचे पोपडे निघतात. फलक उतरेल तेव्हा खाली चित्र उरलेलं नसतं.

हिशेबनीस:
भोकांचं पटलं. पण गळती आणि गिलाव्याचा खर्च मालकाच्या माथी, मग भाडं त्याने का सोडावं? चित्र तसंही उन्हाने उडतं. भडक लाल-पिवळी सेंद्रिय रंगद्रव्यं आधी जातात, गेरू आणि आयर्न ऑक्साइड टिकतात. पुन्हा रंगवायचा खर्च कोण देतं? शिवाय कॉपीराइट कायदा, १९५७चं कलम ५७ वाचा, कलाकाराच्या विशेष हक्कांचं. कलाकृती प्रदर्शित न करणं हा हक्कभंग नाही, असं त्याच्या स्पष्टीकरणातच आहे.

भिंतरंग:
ते स्पष्टीकरण झाकण्यापुरतं. तोडफोड आणि विकृती यांविरुद्ध तेच कलम दाद देतं. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं होतं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले, वर ५ लाख रुपये भरपाई. न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह पॉइंट्झ' या भित्तिचित्रांनी भरलेल्या इमारतीवर २०१३ मध्ये मालकाने रातोरात पांढरा रंग फासला. २०१८ मध्ये २१ चित्रकारांना ६७.५ लाख डॉलर मंजूर झाले. चित्र काढून नेता येण्याजोगं असेल, तर अमेरिकेच्या कायद्यात मालकाने चित्रकाराला द्यायची ९० दिवसांची लेखी सूचना आहे. एवढीच मागणी इथेही आहे.

हिशेबनीस:
आणि इमारत? ती पडलीच, जागी टॉवर उभे राहिले. पैसे मिळाले, भिंत नाही वाचली. म्हणून भांडण न्यायालयात नेण्यापेक्षा चित्र रंगवण्याआधीच करार करा: किती वर्षं, डागडुजी कोणाची, मुदतीनंतर काय.

ब्रशवाला:
करारात तांत्रिक अटीही घाला, नाहीतर कागद निरुपयोगी. चौकटीचे ब्रॅकेट चित्रात नकोत, वरच्या बीममध्ये हवेत. भिंत आणि फलकात किमान १० सें.मी. फट ठेवा. सलग फ्लेक्सऐवजी जाळीदार कापड घ्या, ओल सुकते आणि वाऱ्याचा जोरही कमी बसतो. हाताने रंगवलेली जाहिरात मात्र चित्रावर कधीच नको. खालचा थर न घासता ऑइल पेंट मारला तर तो धरत नाही, आणि घासला तर चित्रच जातं. तिच्यासाठी खाली वेगळी पट्टी सोडा.

हिशेबनीस:
बीममधल्या ब्रॅकेटला स्ट्रक्चरल इंजिनिअरची तपासणी लागेल. तो खर्च जाहिरातदाराने उचलावा, भाड्यातून वळता करू नये. असं लिहून मिळत असेल तर ९० दिवसांच्या सूचनेला माझा विरोध नाही. पुन्हा रंगवायचा खर्च मात्र मालकावर टाकू नका, त्यावर मी अजून ठाम आहे.